दाजींची चौथी रेकॉर्ड

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान सावळीराम, म्हणजे आमचे दाजी, सातपूरच्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर होते. इन्स्पेक्टर म्हटलं की लोकांना खाकी कपडे आणि हातातली काठी आठवते. दाजींकडे काठी नव्हती, एक छोटी हातोडी होती. लाल तापलेलं लोखंड मोठ्या यंत्राच्या हॅमरखाली ठोकून गाड्यांचे भाग घडवायचे, ते थंड झाले की दाजींच्या टेबलावर यायचे. दाजी प्रत्येकाला हातोडीनं हलकंच ठोकून बघत आणि कान देत. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो, तसंच. नाद स्वच्छ आला तर भाग पुढे जायचा. बद्द आला तर आत कुठंतरी चीर आहे, म्हणून त्यावर लाल फुली. दिवसाला पाचशे-सहाशे भाग, आणि पंधरा पावलांवर हॅमर धाडधाड चाललेला. एवढ्या गदारोळात ह्यांना लोखंडातली चीर ऐकू येते, पण मी स्वयंपाकघरातून मारलेली हाक ऐकू येत नाही, असं अक्का येईल-जाईल त्याला सांगायची.

मी १९७३ साली, दुष्काळ सरता सरता, सिन्नरकडच्या आमच्या गावाहून नाशिकला डी.एड. करायला आले आणि अक्काकडे राहिले. दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, पितळेची बुद्धमूर्ती, एक लोखंडी पलंग, आणि उरलेल्या जागेत दाजींचं भंगार. मेहुणीला दाजींची थट्टा करायचा हक्कच असतो आणि तो मी पुरेपूर वापरला. त्याचं आता वाईट वाटतं. सगळ्याच थट्टेचं नाही, कारण काही थट्टा त्यांनी ओढवूनच घेतली होती.

सुट्टीच्या दिवशी माणसं गोदावरीवर जातात, नातेवाइकांकडे जातात. दाजी भद्रकालीकडे मंगळू भंगारवाल्याच्या गाडीवर जात. चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात त्यांनी तिथून एक चावीचा फोनो, म्हणजे जुना ग्रामोफोन, आणला. झाकण निखळलेलं, स्प्रिंग तुटलेली. दीड महिना त्या पेटीची आतडी आमच्या जमिनीवर पसरलेली होती. झाडू मारायचा तर आधी स्क्रू मोजून उचलायचे. शेवटी दुसऱ्या एका मोडक्या फोनोची स्प्रिंग बसली आणि तबकडी फिरायला लागली. अक्का म्हणाली, "डोंगर पोखरला अन् उंदीर काढला."

त्या फोनोबरोबर तीन रेकॉर्डी आल्या होत्या. जाड, काळ्या, ताटाएवढ्या. पेटी गाडीत हलू नये म्हणून मंगळूनं त्या गोणपाटात गुंडाळून फटीत खोचलेल्या. मधले कागद कसरीनं खाल्लेले. एकावर काही इंग्रजी अक्षरं राहिली होती, 'मिलानो' आणि खाली कुणाच्या तरी नावाचं शेपूट, 'नी'.

पहिल्या दिवशी आम्ही तिघं समोर बसून ऐकायला लागलो. खरखर झाली, मग पुष्कळ व्हायोलिनं एकदम वाजायला लागली. आम्ही गाणं सुरू व्हायची वाट बघत होतो. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. मी म्हटलं, "दाजी, गाणारा आंघोळीला गेलाय वाटतं." बाजू संपली तरी कुणी गायलं नाही. अक्का उठून भाकरी थापायला गेली. दाजींनी रेकॉर्ड उलटी केली, मग दुसरी लावली, मग तिसरी. सहाच्या सहा बाजू झाल्या आणि ते परत पहिल्यापासून चावी द्यायला लागले.

त्यानंतर ते आमच्या घरात रोजचंच झालं. पहिली पाळी असली की साडेचारला घरी, हातपाय धुवायचे, चहा, आणि मग नीसाहेब. हे नाव मीच पाडलं होतं. शेजारच्या बाया विचारायच्या, तुमच्याकडे कोण पाहुणे आलेत, रोज एवढा वाद्यांचा आवाज? मी सांगायचे, इटलीचे आहेत, जेवत नाहीत, नुसते रडतात.

एकदा मी जरा जास्तच बोलले. म्हटलं, "दाजी, भीमगीतं लावा, चांगली कव्वाली लावा. ह्यात एक शब्द नाही. काय कळतं तुम्हाला ह्यातलं?"

दाजी रागावणाऱ्यातले नव्हते. पिन उचलून ठेवली आणि म्हणाले, "शब्द नाय म्हनूनच. विमल, माझा बाप सनई वाजवायचा, ठाव हाय ना? गावात कुनाचंबी लग्न असो, बाप दाराबाहेर उभा. आत पंगती उठायच्या, आन् ह्यो उन्हात वाजवतोय. छप्पनला दीक्षा घेतली, तवा बापानं सनई माळ्यावर टाकली. म्हनला, आता आपल्या घरातलं कुनी दुसऱ्याच्या दारात वाजवायला उभं राहनार नाय. लय चांगलं केलं. पन घरात जे वाजायचं ते बी बंद झालं. मंग मी जे जे ऐकलं ते कुनाचं ना कुनाचं होतं. ह्या देवाचं, त्या देवाचं, ह्या पाटलाच्या लग्नाचं. हे कुनाचंच नाय. ह्याला कुनी विचारलंच नाय. म्हनून मला वाटतं, हे माझं हाय."

मी उठून फोनोला चावी दिली. माझ्या आयुष्यात मला गप्प बसवणं फार थोड्या लोकांना जमलंय.

एक गोष्ट मात्र दाजींनाही खटकायची. नीसाहेब धड एक गोष्ट पुरी करत नसत. हळूहळू काहीतरी सांगायला लागायचे, तेवढ्यात रेकॉर्ड उलटली की एकदम मिरवणूक निघायची. दुसऱ्या रेकॉर्डवर परत तो आधीचा हळू सूर, आणि उलटली की परत धामधूम. दोन वर्षं दाजी म्हणत राहिले, माणूस गुणी आहे पण डोकं ठिकाणावर नाही.

शहात्तरच्या उन्हाळ्यात त्यांचं त्यांनाच उमगलं. कारखान्यात प्रत्येक भागावर बारीक आकडा ठोकलेला असतो. तो वाचता आला नाही की दाजी त्यावर खडू चोळत आणि बोटानं पुसत. खाचेत खडू राहतो, आकडा पांढरा उठतो. एका दुपारी त्यांनी माझ्या पिशवीतला खडू घेतला आणि रेकॉर्डीच्या मधल्या गुळगुळीत भागावर चोळला. तिथं खरंच आकडे होते. लांबलचक होते, पण शेवटचे दोनच काय ते बदलत होते. पहिल्या रेकॉर्डीच्या एका बाजूला एकसष्ट, मागे अडुसष्ट. दुसरीवर बासष्ट, मागे सदुसष्ट. तिसरीवर त्रेसष्ट आणि सहासष्ट.

दाजी खाली बसून बोटांवर मोजत राहिले. मग ओरडले, "लता! आपन दोन वर्सं उलटंसुलटं ऐकलं गं!"

अक्का आतून म्हणाली, "मला तर अजून बी तसंच वाटतं."

त्या दिवशी त्यांनी आकड्यांच्या क्रमानं लावलं. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. आणि मी, जी इतके दिवस चेष्टा करत होते, मी हातातलं निवडणं थांबवून बसले. सगळं एकाला एक लागून येत होतं. माणूस बोलत होता आणि त्याचं बोलणं कळत होतं. त्रेसष्टच्या अगदी शेवटी बाकीची वाद्यं थांबतात, एक पिपाणी एकटी राहते, पाच सूर वर चढते, आणि बाजू संपते. पुढे चौसष्ट हवी. चौसष्ट नव्हती, पासष्टही नव्हती. थेट सहासष्ट, तिथे सगळे जोरात, कसल्या तरी आनंदात. मध्ये काय झालं ते चौथ्या रेकॉर्डीवर, आणि ती आमच्याकडे नव्हती.

दाजी दुसऱ्याच दिवशी मंगळूकडे गेले. मंगळू म्हणाला, माल देवळालीच्या एका पारशिणीच्या बंगल्यातला. रेकॉर्डी चार होत्या खऱ्या, त्यातली एक कुणीतरी त्याच दिवशी नेली. कुणी, ते त्याला आठवेना. त्याच्याकडे दिवसाला शंभर माणसं यायची.

मग आम्ही देवळाली कॅम्पला गेलो. मला बरोबर घेतलं, कारण पारशीणबाई इंग्रजी बोलली तर काय, असं दाजींना वाटलं होतं. माझं इंग्रजी दुसरीच्या पोरांना पुरेल एवढंच होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही. पण ह्या फ्रेनीबाई मराठीच बोलल्या, पारशी पद्धतीची. ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत आलेल्या. त्या मुंबईला आजारी असताना माळ्यानं अडगळ विकून टाकली होती, त्यात ह्या रेकॉर्डी गेल्या.

आकड्यांचं गणित त्यांनी लगेच सोडवलं. "मोठी मशीन असते ना, त्यात सगळी रेकॉर्ड एकावर एक ठेवायची. एकेक आपोआप पडते. चार वाजल्या की अख्खी चळत उलटी करायची. म्हणून असे नंबर." मग म्हणाल्या, "माझे पेस्तनजी मिलानवरून आणला. लढाईच्या आधी. बोटीत मांडीवर घेऊन बसला, फुटू नये म्हणून."

दाजींनी विचारलं, "बाई, हे नीसाहेब कोण?"

त्या हसल्या. "इटलीत अर्धा गावाचा नाव नीवर संपते! मला पण आता आठवत नाय. तिकडे गाणारे फार, नाटकातले. सगळे त्यांच्यामागे. हा म्हातारा गाणारे ठेवलाच नाय, नुसता वाद्य. तर त्याला मिलानमध्ये पण कोण विचारत नव्हता. पेस्तनजी सांगायचा, दुकानदार धूळ पुसून दिला." आणि मग, आम्ही न विचारताच, "मधला भाग सगळ्यात सुंदर. पेस्तनजी तोच लावायचा."

दाजी पुढे सरकले. "कसा होता, बाई?"

फ्रेनीबाईंनी एक बोट वर केलं, तोंड उघडलं. बराच वेळ बोट तसंच राहिलं. मग खाली आलं. "गेला, दीकरा. होता इथेच, गेला." रेकॉर्डी त्यांनी परत मागितल्या नाहीत. म्हणाल्या, तू ठेव, माझ्याकडे ऐकायला कोण आहे. पुढच्याच वर्षी त्या वारल्याचं कळलं. आम्ही दोघांनी मिळून एक हार नेला होता, पण तिथं कुणाच्या गळ्यात घालायचा ते कळेना, तसाच फाटकाला अडकवून आलो.

तिथून दाजींचा शोध सुरू झाला. नाशिकमधला एकही भंगारवाला, रद्दीवाला, रेडिओ दुरुस्तीवाला सुटला नाही. मनमाडला गेले, मालेगावला गेले, पुण्याला एकाच्या लग्नाला म्हणून गेले आणि लग्न सोडून जुन्या बाजारात फिरत बसले. खिशात एका चिठ्ठीवर चौसष्ट आणि पासष्ट लिहिलेलं असे. डी.एड. होऊन मी नगरपालिकेच्या शाळेत लागलेच होते, पुढे लग्न झालं, पंचवटीत बिऱ्हाड केलं. दाजी भेटले की मी विचारायचे, "सापडली का सवत?" ते मान हलवायचे आणि अक्का कपाळाला हात लावायची.

आता दुसरी गोष्ट. कारखान्यानं कानात घालायचे बोळे दिले होते. सगळ्यांनी घालायचे, असा नियम. दाजी ते टेबलाच्या खणात ठेवत. कान बुजवले तर लोखंडाचा नाद कसा ऐकायचा? त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बारा वर्षं ते हॅमरपासून पंधरा पावलांवर उघड्या कानांनी उभे राहिले, आणि त्यांच्या टेबलावरून चिरलेला भाग कधी पुढे गेला नाही.

ऐंशी साली गेला. एक नाही, एका पाळीत चार. पुढच्या विभागात ते लक्षात आलं म्हणून बरं. साहेबांनी दाजींना बोलावलं, रागावले नाहीत, एक चांगला आणि एक चिरलेला भाग समोर ठेवला आणि ठोकून दाखवले. दाजींना दोन्ही सारखेच वाटले.

गंगापूर रोडच्या कानाच्या डॉक्टरांकडे मी गेले होते बरोबर. त्यांनी तपासलं आणि दाजींना कळावं म्हणून मोठ्यानं सांगितलं, "बारीक आवाज आधी जातात, जाड शेवटी. गेलेलं परत येणार नाही. हळूहळू राहिलेलंही जाईल." दाजींना स्टोअरमध्ये बसवलं, कागद लिहायला.

घरी आल्यावर त्यांनी फोनो लावला. एकसष्ट. पिन फिरत होती, मला सगळं ऐकू येत होतं. दाजी म्हणाले, "व्हायोलिनं गेली. खालचं गुरगुर तेवढं येतं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "विमल, चौथी मिळंल गं. आज ना उद्या मिळंलच. पन आता कान पुरत नायत."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. अक्का आधीच तिथं रडत होती. इतकी वर्षं त्या फोनोवर चरफडणारी माझी बहीण मला म्हणाली, "त्यांचं ते मधलं एकदा ऐकून होऊ दे. मंग मेला बहिरा झाला तरी चालंल."

त्र्याऐंशीच्या मे महिन्यात दाजींच्या कारखान्यातल्या खंडेरावांच्या मुलीचं लग्न पंचवटीत होतं. ऊन मरणाचं, नवरदेव घोड्यावर, पुढे रावजी मास्तरांचा बँड. दाजी मांडवात, बँडकडे पाठ करून. ते कुठल्याच वरातीत बँडजवळ थांबत नसत, बापाची आठवण होते म्हणत. मी बायकांच्या घोळक्यात घाम पुसत उभी होते. बँडचं एक गाणं संपलं, ढोल थांबला, आणि क्लॅरनेटवाल्यानं एकट्यानंच पाच सूर वर चढवले.

हे पाच सूर मी हजार वेळा ऐकले होते. ह्यांच्यापुढे रेकॉर्ड संपते, खरखर होते, दाजी पिन उचलतात. पण हा माणूस थांबला नाही. तो पुढे गेला. सहावा सूर, सातवा, आणि मग ढोलावर काठी पडली आणि पोरं नाचायला लागली.

नऊवारी सावरत मी त्या नाचणाऱ्या पोरांमध्ये घुसले. लोकांना वाटलं बाईच्या अंगात आलं. रावजी मास्तरांची बाही धरली आणि ओरडले, "हे कुठून आणलं?"

"कुठून म्हंजी? आमची चाल हाय," मास्तर म्हणाले. मग माझं तोंड बघून जरा घाबरले. "एक काळी जाड रेकॉर्ड होती बाई, ह्याच पाच सुरांनी सुरू व्हायची. मंगळूकडून घेतली होती. चाल बरी वाटली, बसवली. लय वर्सं वाजवतोय."

"रेकॉर्ड कुठंय?"

"फुटली की. घर बदलताना ढोल पडला तिच्यावर."

"आणि मागची बाजू?"

"मागची रडकी होती. तीबी बसवली होती, पन तिच्यावर कुनी नाचंना. सोडून दिली."

नऊ वर्षं. नऊ वर्षं लग्नसराईत नाशिकच्या गल्लीगल्लीतून नीसाहेबांचा मधला भाग वरातीपुढे वाजत चालला होता. दाजींनी मनमाड, मालेगाव, पुणे पालथं घातलं, सगळ्या भंगारवाल्यांचे पाय धरले, पण एका बँडवाल्याला म्हणून विचारलं नाही. दारात वाजवणाऱ्यांकडे बघायचंच नाही, असं बापानं शिकवलेलं आणि ते त्यांनी मनोभावे पाळलेलं. मी त्यांना मांडवात जाऊन कानात ओरडून सांगितलं. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. अक्का म्हणाली, "काखेत कळसा अन् गावाला वळसा."

दाजी तसेच उठून बँडसमोर जाऊन उभे राहिले. मास्तरांनी पुन्हा वाजवायला लावलं. दाजींनी मान पुढे केली, तळहात कानामागे धरला. क्लॅरनेट जीव तोडून वाजत होतं. दाजी मागे वळले आणि म्हणाले, "ढोल येतोय. बाकी काय नाय." त्या भरल्या मांडवात मला इतकं असहाय वाटलं की मी नवरीच्या मामांवर विनाकारण खेकसले.

पण रात्रभर डॉक्टरांचं बोलणं डोक्यात फिरत राहिलं. बारीक आवाज आधी जातात, जाड शेवटी. सकाळी शाळा बुडवून रावजींच्या घरी गेले. म्हटलं, "मास्तर, तो सूर क्लॅरनेटवर नको. तुमच्याकडे ते छातीशी धरायचं मोठं पितळी वाद्य आहे ना, खर्जातलं, त्याच्यावर वाजवा. ढोल कमी. आणि हळू."

"हळू आमी फकस्त मयताला वाजवतो, बाई."

"मग मयताला समजून वाजवा," असं मी बोलून गेले आणि जीभ चावली.

मागची बाजू मास्तरांना आठवत नव्हती. ती आठवत होती पुंजारामला. पुंजाराम त्यांचा जुना क्लॅरनेटवाला. समोरचे दात पडल्यापासून फुंकर सुटायची, म्हणून त्याच्या हातात झांजा दिल्या होत्या. पायरीवर बसून, डोळे मिटून, बोळक्या तोंडानं त्यानं ती सगळी गुणगुणून दाखवली. मध्ये एकदा अडला, परत मागे गेला, आणि पार झाला. म्हणाला, "ही मला लय आवडायची. पन माझं कोन ऐकतं?" पंधरा दिवस मास्तर तोंडाला ते वाद्य लावून त्याच्याकडून एकेक सूर शिकत होते. पैसे विचारले तर म्हणाले, आधी येतंय का ते तर बघू.

जूनच्या एका रविवारी दुपारी बँड सातपूरला आला. अकरा माणसं, लाल कोट, सोनेरी झालरी. रिवाजाप्रमाणे ते दारासमोर अर्धगोल करून उभे राहिले. दाजी बाहेर आले आणि त्यांनी दोन्ही हात आडवे केले.

"माझ्या दारात कुनी उभं राहून वाजवायचं नाय. आत या. बसून वाजवा."

मास्तर त्यांच्या कानाशी ओरडले, "अवो, जागा कुठंय? ढोल मावायचा नाय."

"मावंल."

पलंग बाहेर काढला. सतरंजी टाकली. दाटीवाटीनं अकरा जण बसले, ढोलवाला अर्धा स्वयंपाकघरात. अक्कानं घरातल्या कपांतून आणि शेजारून मागून आणलेल्या पेल्यांतून सगळ्यांना चहा दिला. चहा संपेपर्यंत दाजींनी कुणाला वाद्याला हात लावू दिला नाही. मग ते मध्ये बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतके मास्तरांच्या जवळ.

आधी फोनो. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. दाजींना त्यातलं काहीच ऐकू येत नसणार, पण ते बरोबर जागेवर मान डोलवत होते, बरोबर जागेवर चावी देत होते. बँडवाले अवघडून ऐकत होते. त्रेसष्टच्या शेवटी पिपाणी एकटी राहिली, पाच सूर चढले, आणि दाजींनी पिन उचलली.

रावजी मास्तरांनी छाती भरून घेतली आणि तिथूनच पुढे सुरुवात केली.

तो आवाज त्या खोलीत मावत नव्हता. भिंतीवरचा फोटो हलला, पेले वाजले. जाड, संथ, भरलेला सूर, चालत येणाऱ्या थोराड माणसासारखा. मागून बाकीचे हलके सूर धरत होते, ढोल अगदी जपून. पहिली बाजू संपली तशी पुंजारामनं मान हलवून मास्तरांना खूण केली आणि ते मागच्या बाजूत शिरले, त्या रडक्या बाजूत, जिच्यावर कुणी नाचत नाही. मी दाजींकडे बघत होते. आधी ते नुसते मास्तरांच्या गालांकडे बघत होते. मग त्यांची मान थांबली. मग ओठ उघडले. मग त्यांनी हात लांब करून माझं मनगट घट्ट पकडलं.

"येतंय," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. ते बँडच्या वर ओरडत होते. "विमल, येतंय! साधंच हाय की गं! मी काय काय समजून बसलो होतो, आन् हे किती साधं हाय!"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. मीही नव्हते पुसत. बाहेर कॉलनी गोळा झाली होती. खिडकीत तोंडं, जिन्यावर पोरं. वरच्या मजल्यावरून एका बाईनं ओरडून विचारलं, "लताबाई, कुनाचं लगीन हाय वं? आमाला सांगितलं बी नाय!"

अक्का दारात उभी होती, पदर तोंडाला लावून. तिनं पदर काढला आणि सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असं म्हणाली, "लगीन नाय वं! आमच्या मालकांना ऐकू येतंय!"

आत वाजवणं संपलं. मास्तरांनी वाद्य मांडीवर ठेवलं, कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं. आता सहासष्ट लावायची वेळ होती. पुंजारामनं सतरंजीवरून रेकॉर्ड जपून उचलली आणि दाजींपुढे धरली. दाजींनी ती घेतली नाही. मास्तरांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "पुढचं मला पाठ हाय, मास्तर. हेच परत."